दमणी पुन्हा उभी करायची आहे

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण. १९७६ची तुकडी)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचे दिवस' असा विषय दिला होता. त्यावर माझ्याआधीचे तिघे बोलले. बागकाम झालं, नातवंडं झाली, गुडघ्याचं ऑपरेशनही झालं. माझ्याकडे त्यात भर घालण्यासारखं काही नाही. म्हणून मी सध्या ज्या कामात गुंतलोय त्याबद्दल बोलतो. शेवटी तुमच्याकडे काही मागणारही आहे, तेव्हा जेवणाच्या पंगतीकडे कोणी आताच सरकू नये.

आमच्या घरी एक दमणी आहे. हॉलमध्ये बसलेल्या नातवंडांसाठी सांगतो, दमणी म्हणजे छपराची, माणसं नेणारी हलकी बैलगाडी. शेणखत आणि कापूस वाहायची गाडी वेगळी, दमणी वेगळी. वऱ्हाडात बायामाणसांनी माहेरी जायचं ते दमणीत, वऱ्हाड न्यायचं ते दमणीत, आणि डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांच्या यात्रेला किंवा रामनवमीला पोहरादेवीला जायचं तेही दमणीत. तिथे बैल सोडायचे, दमणीच्या खाली चूल मांडायची, आत लेकरं झोपवायची आणि दोन-तीन दिवस तिथेच राहायचं. आज सरकार 'कॅरॅव्हॅन पर्यटन' म्हणतं, २०२१ साली राज्याने त्याचं धोरणही काढलं. आपल्या आज्या ते धोरण न वाचताच राबवत होत्या.

आमची दमणी आजोबांनी करवून घेतली. पुढच्या आडव्या लाकडाच्या पोटाला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, 'शके १८७४' कोरलेलं आहे. म्हणजे १९५२. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला निघाली ती १ जून १९४८ला, आणि तिचाही बांधा लाकडी होता, वर कापडी छप्पर होतं. म्हणजे आमची दमणी एसटीची चार वर्षांनी धाकटी बहीण. मी नोकरीभर एसटीच्या नागपूरच्या हिंगणा कार्यशाळेत बॉडी विभागात होतो, म्हणून हा नातेसंबंध मला महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला वाटायलाच पाहिजे असं नाही.

१९८८ला आजोबा गेले. त्यानंतर दमणी गोठ्यात उभी राहिली. जाता-येता अडचण नको म्हणून कोणीतरी तिचं जू वर आढ्याला बांधून टाकलं. त्यामुळे चाकांखाली विटा राहिल्या, चाकं शाबूत राहिली, पण गाडीचं शेपूट खाली झुकलं. गोठ्याचं छप्पर डाव्या अंगाला गळतं. पस्तीस पावसाळ्यांचं पाणी तिथे पडलं आणि उतारानं मागे जाऊन साचलं. जे काही कुजलंय ते मागे आणि डावीकडे. बाकी गाडी ठणठणीत आहे.

आता घाई कशाची, तर सांगतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्या भागात हॉटेलं काढायची लाट आलीय. शेलूबाजारकडच्या एका गृहस्थाने माझ्या चुलत भावाला दमणीचे चाळीस हजार सांगितले. तो तिला दारात ठेवणार, प्लायवूड ठोकणार, वरून रंग मारणार आणि आत दिव्यांच्या माळा सोडणार. भावाचं चुकलं असं मी म्हणत नाही. गोठ्याची जागा त्याला ट्रॅक्टरसाठी हवी आहे. त्यानं मला मुदत दिली, अक्षय तृतीयेपर्यंत दमणी रस्त्यावर चालली तर घरात राहील, नाही तर जाईल.

दुसरी घाई आमच्या आत्याची. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या काळी गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पुढचं शिकायला भाऊ मंगरूळपीरला आले, सोमवारी पहाटे दमणीत बसून आणि शनिवारी परत. त्यांच्या भाकरीचं गाठोडं आत्या बांधून द्यायची आणि वेशीपर्यंत दमणीत बसून जायची. वेशीवर उतरायची. तिथून शाळा चार कोस. मी तिला या मेळाव्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बापू, थे शाळा मी आजून आतून पाह्यली नाही. दमणी झाली तं मले तिच्यातच ने." गाडीने आत्ता नेतो म्हटलं. नाही म्हणाली.

तेव्हा आराखडा.

कार्यशाळेत आमची सवय अशी की जुनी बॉडी सोडवायच्या आधी ती आहे तशी मापायची. सोडवल्यावर प्रत्येक लाकूड सरळ दिसतं आणि गाडी कुठे वाकली होती ते कळत नाही. मी दमणीचा तळ मापला. लांबी ६६ इंच, रुंदी ४२ इंच. पुढे ४२, मागेही ४२. मग दोन्ही कर्ण मापले. एक भरला सव्वाएकोणऐंशी, दुसरा सव्वासत्याहत्तर. आपले भूमितीचे सर इथे पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनी आत्ता मान हलवली. सर, मी अपोलोनियसचं प्रमेय लावून पाहिलं. समांतरभुज चौकोनाच्या कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी. दोन्हीकडे बारा हजार दोनशे चाळीसच्या आसपास येतात. म्हणजे माप बरोबर आहे, बाजू लांबी टिकवून आहेत, फक्त काटकोन सुटलेत. चौकट सरळ असती तर दोन्ही कर्ण सव्वाअठ्ठ्याहत्तर आले असते. म्हणून पहिलं काम, लांब कर्णावर दोर बांधायचा, त्यात दांडकं घालून पीळ द्यायचा आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू एक इंच ओढून घ्यायचा. एका दिवसात ओढलं तर सत्तर वर्षांचा सांधा फाटेल.

माझी पुतणी अमेरिकेत असते. तिनं मला तिकडच्या जुन्या कॅम्पिंग ट्रेलरच्या दुरुस्तीचे व्हिडिओ पाठवले. बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडाचा सांगाडा. तिथली माणसं पत्रा सोडवतात आणि आत भिंतीचं लाकूड हाताने चुरा होऊन निघतं. एअरस्ट्रीम म्हणून तिथली नावाजलेली गाडी आहे, तिचीही प्लायवूडची जमीन मागच्या कडेलाच कुजते. म्हणजे गाडी अमेरिकेतली असो की मंगरूळपीर तालुक्यातली, भिंत जिथे जमिनीला भेटते तिथे पाणी थांबतं आणि तिथूनच नाश सुरू होतो. फरक एवढाच की आमच्या दमणीला पत्रा नाही, त्यामुळे रोग उघड दिसतो. हवेशीर भिंतीचा हा मोठा फायदा. इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरने १८८५ साली हौसेने भटकायला म्हणून घोड्याची घरगाडी बांधून घेतली, तिला लोक आद्य कॅरॅव्हॅन मानतात. त्यानं महोगनीचं लाकूड वापरलं होतं. आपल्याकडे सागवान.

आता जमिनीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

तळाला सात फळ्या आहेत, लांबीच्या दिशेने टाकलेल्या, एक इंच जाडीच्या. कडेच्या दोन फळ्या बाजूच्या दांड्यांच्या खोबणीत बसतात, बाकीच्या एकमेकींच्या खोबणीत. मी खिळे शोधत होतो. एकही खिळा सापडेना. शेवटी शेजारच्या गावाहून एका म्हाताऱ्या सुतारबाबांना घेऊन आलो. दमणीचं काम हाताने केलेले ते आमच्या पंचक्रोशीतले शेवटचे. त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी तळावरून हात फिरवला, मधल्या फळीवर थांबले आणि म्हणाले, "हे पाचर हाये. हे निंघाली का सारं निंघते."

मी फळी मापली. बाकीच्या सहा फळ्या सरासरी सहा इंचांच्या. ही मधली पुढे पाच इंच आणि मागे सव्वासात. लांबीही जास्त, ७५ इंच, म्हणजे गाडीच्या मागे वीतभर बाहेर. दर तेहतीस इंचाला एक इंच उतार.

मित्रहो, माझ्या लहानपणी आजोबा दर उन्हाळ्यात लाकडी मोगरी घेऊन दमणीच्या मागे बसायचे आणि ठोकायचे. मृगाच्या आधी पुढे जाऊन उलटं ठोकायचे. आम्हा पोरांना वाटायचं, ही बैलपोळ्यासारखी काहीतरी रीत असेल. ती रीत नव्हती. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आडव्या दिशेने आकसतं, फळ्यांमध्ये भेगा पडतात. पाचर वीतभर आत ठोकली की रुंदीत पाव इंचापेक्षा थोडी जास्त भर पडते, कारण तेहतीसला एक म्हणजे नऊला किती, हे सातवीचं त्रैराशिक आहे. तेवढ्यात भेगा मिटतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा ती वीत परत मागे घ्यायची, नाही तर बाजूचे दांडे फाटतील. वर पुन्हा मागे बाहेर आलेला तो तुकडा पावसाळ्यात चिखलातून चढणाऱ्या बाईला पायरी. एका फळीत तीन कामं! चाळीस वर्षं बॉडी बांधूनही असं काही मी पाहिलं नव्हतं.

याच फळीनं घातही केला. शेपूट खाली झुकलं तेव्हा तिचं बाहेर आलेलं टोक मातीला टेकलं आणि तिथून वाळवी चढली. पाचरेचं मागचं दीड फूट पोकळ आहे. डावीकडच्या दोन फळ्या पाण्यानं गेल्या. बाकी चार फळ्या तासून पाहिल्या, आतून सोन्यासारख्या.

प्लायवूड का नाही, असं भावानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. बसमध्ये आम्ही प्लायवूडच टाकायचो, त्यावर ॲल्युमिनियमची चौकडीची चादर. तिथे ते योग्यच होतं, कारण खाली धातूची चौकट असते आणि ती फारशी हलत नाही. दमणीची चौकट मात्र चालताना हलते. एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी पिळवटते आणि परत जागेवर येते. सात सुट्या फळ्या तो पीळ वाटून घेतात. एकसंध प्लायवूड तो घेणार नाही. तो सगळा जोर कोपऱ्यांच्या सांध्यांवर जाईल, आणि दोन वर्षांत सांधे बोलायला लागतील. हॉटेलच्या दारात उभी करायची तर प्लायवूड चालेल. चालवायची तर नाही.

म्हणून ठरवलंय ते असं. चार जुन्या फळ्या तशाच राहतील. डावीकडच्या दोन आणि पाचर नवीन होईल, पण जुन्या सागाची. पडलेल्या वाड्याचं लाकूड कित्येक वर्षं सुकलेलं असतं, ते आता फारसं हलत नाही. पाचरेला जोड द्यावा, नुसतं कुजलेलं टोक बदलावं, असं भावाचं म्हणणं. आजोबांच्या मोगरीच्या खुणा त्याच टोकावर आहेत, त्या जाताहेत हे त्यालाही लागलंय. पण पाचरेवर घाव बसणार, आणि घाव बसणाऱ्या लाकडाला मध्येच सांधा ठेवणं मला पटत नाही. सुतारबाबांनाही पटलं नाही. जुनी पाचर घरात भिंतीवर लागेल.

भिंती. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट, त्यांच्यामध्ये सव्वा फूट उंचीचा कातीव कठडा, वर बांबूच्या पाच कमानी, कमानींवर तट्ट्या आणि त्यावर मेणकापड. कठडा चांगला आहे. खुंटांपैकी चारांचे पाय गेलेत. खुंट दांड्यातल्या खाचेत उभे आहेत, खाच आरपार नाही, त्यामुळे वाटीत पाणी साचावं तसं पाणी साचलं. खालचे नऊ इंच कापून तिरक्या सांध्याने नवा पाय जोडायचा आणि लाकडी खुंट्या मारायच्या, यावर आमचं एकमत आहे. खाचेच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक पाडायचं, यावर नाही. बाबा म्हणाले, "पानी आत जाऊच नाही असा बसव ना, मंग भोक कायले पायजे?" त्यांचा मान राखून मी भोक पाडणार आहे.

काम कोणत्या क्रमाने, हे फळ्यांनीच ठरवलं. कडेच्या फळ्यांना खुंटांसाठी खाचे आहेत, म्हणजे खुंट आधी, मग फळ्या, शेवटी पाचर. कठडा त्यानंतर. पाचर हिवाळ्यात बसवायची आणि मधोमध ठेवायची, म्हणजे पुढे उन्हाळ्याला आत आणि पावसाळ्याला बाहेर जायला जागा राहील.

बांबूला घाई करून चालत नाही. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू घ्यायचा. तेव्हा त्यातलं पिठूळ सत्त्व कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. मग टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा. हे औषध पावसाच्या पाण्यात धुऊन जातं, म्हणून वर मेणकापड चांगलं हवं. सागाला मात्र जवसाचं तेल पुरतं. आपल्याच भागातलं आहे. एक सूचना, तेल पुसलेले चिंध्यांचे गोळे कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा सुटे पसरून वाळवा.

वजनाचं एक सांगायचं राहिलं. दोन चाकांच्या गाडीत मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की मानेवर ओझं येतं. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी कितीतरी वर्षं घालवली, त्यातला मोठा भाग हा बैलाच्या मानेचाच विचार होता. म्हणून निघणारी प्रत्येक फळी तोलायची, तिच्या जागी येणारी तोलायची, आणि वही ठेवायची. आमच्यात आडत दुकानवाले दोघे आहेत. त्यांचा काटा मला दोन दिवस हवा. डनलपचे टायर लाव म्हणून सुचवणारेही तिघे भेटले. त्यांना नमस्कार.

नकाशा मी आलेख कागदावर काढला, दहास एक प्रमाणात, आणि आत्याला दाखवायला नेला. तिला कागद दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवला, खुंट किती, कठडा किती, तट्ट्या दोन्हीकडे सारख्या. ती म्हणाली, "आन् माही खिडकी?" कसली खिडकी? १९५६ला ती पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा दमणीत तिला मळमळायचं. आजोबांनी डाव्या बाजूच्या तट्ट्याला वीतभर चौकोन कापला आणि कडेला बांबूची पट्टी बांधून दिली, वारा लागावा म्हणून. तट्ट्या नंतर किती वेळा बदलल्या असतील, खिडकी कोणाच्या लक्षात राहिली नाही. मी गोठ्यात जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मध्ये पाहिलं. दोन्ही बांबूंवर दोरीचा जुना चट्टा आहे, मधोमध, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आता ती खिडकी नकाशात आहे. बुरूडकाम करणाऱ्या ताईंना मी माप देऊन आलो. त्या म्हणाल्या, विणताना सोडावी लागेल, नंतर कापली तर उसवते. आजोबांनी कशी कापली होती देव जाणे.

तर मागणी. एक, ज्यांचा जुना वाडा उतरवला जातोय त्यांनी मला सागाच्या तीन फळ्या द्याव्यात. दोन ६६ इंच लांब आणि सहा इंच रुंद, एक ७५ इंच लांब आणि साडेसात इंच रुंद. सगळी मिळून पाऊण घनफूट होते, पैसे देईन. खांडातून चिरून निघाल्या तरी चालेल, फक्त गाठ नको. दोन, कोणाकडे दमणीला चालणारी, रस्त्यावर ट्रकला न बुजणारी बैलजोडी असेल तर अक्षय तृतीयेच्या आठवड्यात दोन दिवस हवी. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी आहे असं कळलं, तिनं हात वर करावा. केला. धन्यवाद. तीन, मुख्याध्यापक साहेबांना विनंती, शाळेचं मागचं मोठं फाटक त्या दिवशी उघडं ठेवावं. पुढच्या फाटकाची रुंदी मी सकाळी मापली. चाकांच्या तुंब्यासकट दमणी त्यातून जाते, पण दोन्हीकडे चार-चार बोटंच उरतात, आणि बैलांना ते समजावून सांगता येत नाही.

गाडी सोडवायला भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी सातला सुरुवात करतो. ज्यांना यायचं त्यांनी जुने कपडे घालून या, आणि घरात लाकडी मोगरी असेल तर घेऊन या. लोखंडी हातोडी नको. जेवायला पिठलं-भाकर आहे, किती जण ते आदल्या दिवशी कळवा.